कुणाचे फुप्फुस, कितवा दिवस

छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो तो टीबी. या सवयीला हसण्याचे कारण नाही. जगातल्या टीबी रुग्णांचा साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरलेले वजन या तिन्ही गोष्टी जुळल्या, की टीबीचा विचार आधी करणारा डॉक्टर बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. प्रश्न आहे तो उरलेल्या वेळांचा. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी टीबीचा कोर्स सुरू होतो. सहा महिन्यांनी डाग जिथल्या तिथे असतो, वर खोकल्यातून रक्त पडू लागते. मग दुसरा कोर्स. फाइल जाड होत जाते आणि रुग्ण बारीक. अशा काही फायलींच्या तळाशी बुरशी असते. फुप्फुसातली ही बुरशी चित्रात कशी दिसते, ते चित्र कसे वाचायचे आणि वाचल्यावर तिचे नाव कसे पक्के करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय अवघड आहे, कारण ही बुरशी सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. ती आपल्या सगळ्यांच्याच श्वासात रोज असते. तिच्यातली सर्वांत महत्त्वाची जात ॲस्परजिलस फ्युमिगेटस. कुजणारा पालापाचोळा, खताचा खड्डा, दमट गोदामातले धान्य, पाडकाम चाललेल्या इमारतीची धूळ अशा कोणत्याही ठिकाणी ती वाढते आणि हवेत बीजाणू सोडते. एकेक बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचा, म्हणजे नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट थर चुकवून थेट वायुकोशात पोहोचण्याइतका बारीक. प्रत्येक माणूस दिवसाकाठी असे शेकडो बीजाणू आत ओढतो. वायुकोशातल्या भक्षक पेशी त्यांतले बहुतेक गिळून टाकतात. जे रुजून तंतू काढू लागतात त्यांचा समाचार न्युट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घेतात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच मिटते आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

ज्यांच्या बाबतीत ती मिटत नाही, त्यांचे काय होते हे बुरशीपेक्षा त्यांच्या फुप्फुसावर अवलंबून असते. दम्याच्या रुग्णात ती श्वासनलिकेतल्या कफात राहते, ऊतींत शिरत नाही. पण शरीर तिच्यावर इतके खवळते की त्या खवळण्यानेच नलिका फुगून कायमच्या बिघडतात. जुन्या टीबीने पोकळी करून ठेवली असेल तर ती त्या रिकाम्या जागेत वर्षानुवर्षे तळ ठोकते. केमोथेरपीने न्युट्रोफिल जवळपास संपलेल्या ब्लड कॅन्सरच्या रुग्णात मात्र तीच बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत घुसते आणि काही दिवसांत जीव घेऊ शकते. बुरशी एक, आजार तीन, आणि सीटी स्कॅनवरची चित्रेही तीन, एकमेकांशी फारसे नाते न सांगणारी.

म्हणून या पुस्तकाची प्रकरणे बुरशींच्या नावांनी पाडलेली नाहीत, फुप्फुसांच्या प्रकारांनी पाडली आहेत. पाठ्यपुस्तकाची रीत वेगळी असते. तिथे आधी जंतू, मग त्याचे आजार. ओपीडीत नेमके उलटे घडते. समोर माणूस येतो, त्याच्या हातात प्लेट असते आणि जंतूचे नाव सगळ्यांत शेवटी कळते, कधी कळतही नाही. रेडिओलॉजीच्या खोलीत बसून मला जे सांगावेसे वाटते ते थोडक्यात असे: बुरशीच्या आजारात चित्र स्वतःहून बोलत नाही. ते कुणाच्या फुप्फुसाचे आहे आणि आजाराच्या कितव्या दिवसाचे आहे हे कळले तरच ते वाचता येते. पुढची सगळी पाने म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

या वाक्यापर्यंत वैद्यकशास्त्राला पोहोचायला बराच काळ लागला. ॲस्परजिलसचे पहिले वर्णन १७२९ मधले, फ्लॉरेन्सच्या पिएर अँतोनिओ मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाचे. पण ते वनस्पतीच्या बाजूने केलेले. माणसाच्या फुप्फुसात बुरशी असल्याची नोंद एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४२ मध्ये केली आणि १८५६ मध्ये रूडॉल्फ फिरखो यांनी अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. तोवर बुरशीचे निदान म्हणजे बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरचे निदान. १८९५ मध्ये रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाच्या छातीत डोकावता येऊ लागले. डोकावता येणे आणि ओळखता येणे यांतले अंतर मात्र तेव्हाच दिसायला लागले.

त्या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या खोऱ्यांत असंख्य धडधाकट माणसांच्या एक्स-रेत चुन्याचे पांढरे ठिपके दिसत. कॅल्शियमचा ठिपका म्हणजे बरा झालेला टीबी, हे त्या काळी गृहीतच होते. अडचण एवढीच होती की त्यांतल्या अनेकांची ट्युबरक्युलिन चाचणी नकारात्मक येई. म्हणजे टीबीचा जंतू त्यांच्या शरीराला कधी भेटलाच नव्हता. १९४५ मध्ये टेनेसीत क्रिस्टी आणि पीटरसन यांनी, आणि त्याच वर्षी परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींची तपासणी करणाऱ्या कॅरल पामर यांनी या ठिपक्यांचा संबंध हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीशी जोडून दाखवला. ही बुरशी तशी अनोळखी नव्हती. पनामा कालव्याच्या कामावर असताना सॅम्युअल डार्लिंग यांनी १९०५ मध्ये मार्टिनिकहून आलेल्या एका मजुराच्या शवविच्छेदनात ती पाहिली होती. तो मजूर टीबीने गेला असे आधी वाटले होते. म्हणजे चाळीस वर्षांच्या अंतराने तीच गफलत दोनदा झाली: एकदा मृतदेहावर, एकदा एक्स-रेवर. भारतात या बुरशीचा पहिला रुग्ण १९५४ मध्ये कोलकात्यात नोंदला गेला. गंगेच्या खोऱ्यातून आलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ दिसली, तर आजही टीबीच्या शेजारी हे दुसरे नाव लिहून ठेवावे लागते.

एक्स-रेची दुसरी मर्यादा अशी, की त्यात हृदय, बरगड्या आणि रक्तवाहिन्या एकमेकांवर चढून बसतात आणि लहान गाठ त्यांच्याआड लपते. सीटी स्कॅनने ही अडचण सोडवली. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू १९७१ मध्ये लंडनजवळ पाहिला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत छातीचेही काप घेता येऊ लागले. १९८५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कुलमन, फिशमन आणि सीगलमन यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या सीटीत एक खूण दाखवून दिली. मधोमध घट्ट पांढरी गाठ आणि तिच्या सभोवती, चंद्राला पडते तसे, फिकट राखाडी खळे.

ही खूण जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात आजाराची सारी यंत्रणा दिसते. बुरशीचे तंतू रक्तवाहिनीत शिरतात, वाहिनी तुंबते, तिच्यावर अवलंबून असलेला फुप्फुसाचा तुकडा मरतो. ती मधली गाठ. कडेच्या तुटक्या वाहिन्यांतून रक्त आसपासच्या वायुकोशांत झिरपते, ते खळे. वायुकोश पूर्ण भरलेले नसतात, म्हणून खळ्यातून मागच्या वाहिन्यांच्या रेषा अंधुक दिसत राहतात. थोडक्यात, सीटीवर बुरशी दिसत नाही. तिने केलेला रक्तस्राव आणि नासधूस दिसते. पुढे केमोथेरपीचा परिणाम ओसरतो, नव्या न्युट्रोफिल येतात आणि मेलेला तुकडा जिवंत भागापासून सुटा करू लागतात. सुटलेल्या फटीत हवा शिरते आणि गाठीच्या एका अंगाला काळी कोर उगवते. खळे दिसले तर हल्ला चालू आहे; कोर दिसली तर शरीर सावरू लागले आहे.

दिवस मोजण्याचे महत्त्व इथेच कळते. फ्रान्समधल्या दिजाँ इथल्या कायो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा २५ रुग्णांचे सीटी ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा पाहिले. पहिल्या दिवशी ९६ टक्के रुग्णांत खळे होते. तिसऱ्या दिवशी ६८ टक्क्यांत, सातव्या दिवशी २२ टक्क्यांत आणि चौदाव्या दिवशी १९ टक्क्यांत. हवेची कोर याच्या उलट वाटेने गेली: पहिल्या दिवशी कुणातच नाही, चौदाव्या दिवशी ६३ टक्क्यांत. म्हणजे ताप येऊन आठवडा उलटल्यावर सीटी काढला आणि खळे दिसले नाही, तर त्यावरून बुरशी नाही असे म्हणता येत नाही; खळ्याची वेळ निघून गेलेली असू शकते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट नातेवाइकांना समजावताना फार उपयोगी पडते. योग्य औषध सुरू असूनही पहिल्या सात दिवसांत गाठींचे आकारमान साधारण चौपट झाले, आणि मग ते स्थिरावले. आठवड्याने काढलेला सीटी पाहून 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढणारा डॉक्टर कदाचित काम करणारे औषध बंद करत असेल. म्हणूनच अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रुग्ण खालावत नसेल तर पुन्हा सीटी काढण्यासाठी किमान दोन आठवडे थांबावे.

वेळेत ओळखल्याने फरक पडतो का? ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २३५ रुग्णांचे सीटी तपासले. ६१ टक्के रुग्णांत खळे होते. खळे दिसत असतानाच उपचार सुरू झालेल्यांपैकी ७१ टक्के रुग्ण ८४ दिवसांनंतर हयात होते; खळे नसलेल्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते. खळ्याने कुणी बरे होत नाही. खळे दिसते ते आजार कोवळा असताना, आणि कोवळ्या आजारावर औषधाची मात्रा चालते. म्हणून न्युट्रोफिल उतरलेल्या रुग्णाचा ताप अँटिबायोटिकला दाद देत नसेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी सीटीची वाट धरावी, हा या पुस्तकातला सर्वांत ठाम सल्ला आहे.

आता ही घाई जिथे लागू नाही अशा फुप्फुसाकडे वळू. टीबी बरा झाला, औषधे संपली, वरच्या भागात पोकळी मात्र राहिली. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात अशा ५४४ जणांचा मागोवा घेतला गेला. त्यांच्या पोकळ्या अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या होत्या. चौघांतल्या एकाच्या रक्तात ॲस्परजिलसविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. भारतात टीबी होऊन गेलेल्यांची संख्या पाहता या आकड्याने आपली झोप उडायला हवी. चंदीगडच्या पीजीआयमधल्या रितेश अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार फुप्फुसातल्या या जुनाट बुरशीचे रुग्ण देशात २ लाख ९० हजारांच्या घरात असावेत.

पोकळीतल्या बुरशीची खूण सोपी असते, ती दिसली तर. तंतू, कफ आणि मृत पेशी यांचा गोळा पोकळीच्या तळाशी बसतो आणि वर हवेची पट्टी राहते. रुग्णाला पालथे झोपवून पुन्हा काप घेतला तर गोळा घरंगळून दुसऱ्या बाजूला जातो. जागा बदलणारी गाठ सहसा कॅन्सरची नसते. पण गोळा ही उशिराची अवस्था आहे. त्याआधी पोकळीची भिंत जाड होत जाते, शेजारचे प्लुरा हे आवरण जाडावते, एका पोकळीच्या दोन होतात. हे बदल महिनोन्‌महिने चालतात आणि एका प्लेटवर कळत नाहीत. जुनी प्लेट शेजारी लावली तरच कळतात. आपल्याकडे जुनी प्लेट बहुधा हरवलेली असते, नाहीतर गादीखाली दुमडलेली सापडते. म्हणून रुग्णांसाठी एक साधी विनंती या पुस्तकात जागोजागी आली आहे: छातीचे जुने फोटो टाकू नका, आणि नव्या डॉक्टरकडे जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर प्लेट किंवा सीडीही न्या.

तिसरे फुप्फुस दम्याच्या रुग्णाचे. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये हिन्सन, मून आणि प्लमर यांनी त्यातल्या ॲस्परजिलसच्या ॲलर्जीचे वर्णन केले. इथे श्वासनलिकांत घट्ट कफाची बुचे बसतात आणि एक्स-रेवर हातमोज्यातल्या बोटांसारख्या पांढऱ्या फांद्या दिसतात. त्या वरच्या भागात असल्या की टीबी म्हणून औषधे सुरू होतात. आपल्याकडच्या अशा अनेक रुग्णांनी दम्याच्या पंपाआधी टीबीचा कोर्स पाहिलेला असतो. सीटीवर एक खूण जवळजवळ निर्णायक ठरते. नलिकेतला कफ पाठीच्या कण्याशेजारच्या स्नायूपेक्षाही पांढरा दिसतो, कारण त्यात कॅल्शियम आणि इतर धातूंचे क्षार साठलेले असतात. ही खूण काय सांगते आणि ती असलेल्यांचा आजार पुन्हा पुन्हा का उलटतो, यावर चंदीगडच्या गटाने महत्त्वाचे काम केले आहे. या आजाराच्या जागतिक व्याख्येत रक्तातल्या एकूण आयजीई प्रतिपिंडांची मर्यादा २०१३ मध्ये १००० होती. २०२४ च्या सुधारणेत ती ५०० वर आणली गेली. जुन्या कात्रणावरून निदान करणाऱ्याच्या हातून आज रुग्ण निसटेल. म्हणून या पुस्तकात प्रत्येक मर्यादेपुढे तिचे साल दिले आहे.

चौथे प्रकरण आपल्या मातीतले आहे आणि त्याचे नाव मधुमेह. म्युकरमायकोसिस हा शब्द २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. कोविडची दुसरी लाट, त्यात दिलेली स्टेरॉइड आणि आटोक्याबाहेर गेलेली साखर यांच्या संगतीने हा आजार इतका वाढला, की मे महिन्यात तो साथरोग कायद्याखाली नोंदवण्याचा आजार ठरवावा लागला. जूनअखेर देशातला आकडा ४० हजारांच्या पुढे गेला. त्यांतले बहुतेक रुग्ण नाक, डोळा आणि जबड्याचे होते, म्हणून लोकांच्या मनात हा आजार चेहऱ्याशी जोडला गेला. पण म्युकर फुप्फुसातही शिरतो, आणि तिथे तो ॲस्परजिलससारखाच वाहिन्या फोडतो. दोघांत फरक करणे अत्यावश्यक असते, कारण ॲस्परजिलसवर पहिले औषध म्हणून दिले जाणारे व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. त्याला ॲम्फोटेरिसिन लागते आणि बहुधा शस्त्रक्रियाही.

सीटी इथे थोडी दिशा दाखवतो. दिजाँच्याच गटाने २०१४ मध्ये न्युट्रोफिल उतरलेल्या ल्युकेमियाच्या १६ म्युकर रुग्णांचे पहिल्या आठवड्यातले सीटी तपासले, तेव्हा १५ जणांत उलटे खळे होते: मध्यभाग फिका आणि भोवती घट्ट पांढरे कडे. ह्यूस्टनच्या कॅन्सर केंद्रातल्या २००५ च्या अभ्यासात दहा किंवा अधिक गाठी, छातीत पाणी आणि जोडीला सायनसचा आजार, या गोष्टी म्युकरच्या बाजूने झुकणाऱ्या आढळल्या. पण हे सगळे कॅन्सरच्या रुग्णांचे अनुभव आहेत. मधुमेहाच्या रुग्णात उलट्या खळ्याचे वजन तितके धरता येत नाही, आणि आपल्याकडे तर टीबीही उलटे खळे दाखवतो. त्याचे कडे गाठीगाठींचे असले तर संशय आधी टीबीचा घ्यावा. सरळ खळेही बुरशीची मक्तेदारी नाही. रक्तस्राव करणाऱ्या कॅन्सरच्या गाठी आणि रक्तवाहिन्यांचे काही दाहक आजार तेच चित्र काढतात. न्युट्रोफिल शून्याजवळ असलेल्या माणसात खळ्याचा अर्थ एक, आणि चालत ओपीडीत आलेल्या माणसात दुसरा.

म्हणून पुस्तकाचा उत्तरार्ध रेडिओलॉजीच्या खोलीतून बाहेर पडून प्रयोगशाळेत जातो. आपल्याकडे निदान सर्वांत जास्त कुठे गळते, तर खोली आणि लॅब यांच्यामधल्या वाटेवर. सीटीच्या मदतीने सुई घालून गाठीचा तुकडा काढला जातो. मदतनीस सवयीने तो फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतो. पॅथॉलॉजीला तो चालतो. पण फॉर्मलिनने बुरशी मेलेली असते, त्यामुळे कल्चर कायमचे हुकते. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, एवढी सूचना आधी दिली तर ही चूक टळते. लॅबमध्ये पोहोचल्यावर आणखी एक पायरी असते. टीबीच्या कल्चरसाठी नमुना घोटून बारीक करण्याची पद्धत आहे. म्युकरचे तंतू रुंद, नाजूक आणि पडदे जवळपास नसलेले असतात. घोटले की ते फाटतात आणि उगवत नाहीत. त्या तुकड्याच्या सुरीने चकत्याच करायच्या असतात. पाठवणाऱ्याने फॉर्मवर 'म्युकरचा संशय' हे दोन शब्द लिहिले नाहीत, तर लॅबला हे कळायला मार्ग नसतो.

सर्वांत जलद उत्तर मिळते ते सर्वांत स्वस्त तपासणीतून. काचपट्टीवर नमुना घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. माणसाच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीची भिंत तशीच टिकते. कॅल्कोफ्लोअर रंग घातला तर तंतू निळसर उजळून उठतात. बारीक, आडव्या पडद्यांचे आणि साधारण ४५ अंशांच्या कोनात फाटे फुटणारे तंतू दिसले तर ॲस्परजिलस. रुंद, फितीसारखे वळलेले आणि काटकोनात फुटणारे दिसले तर म्युकर. नावाची खात्री कल्चरने होते, पण औषधाची दिशा तासाभरात ठरू शकते. हे काम महागड्या यंत्राचे नाही. त्याला सरावलेली नजर लागते.

रक्तातल्या तपासण्यांत गॅलेक्टोमॅनन ही ॲस्परजिलसच्या भिंतीतली साखर मोजली जाते. न्युट्रोफिल उतरलेल्या रुग्णाच्या रक्तात ती बऱ्यापैकी सापडते. ज्याच्या न्युट्रोफिल शाबूत आहेत त्याच्या रक्तात ती अनेकदा हुलकावणी देते. तिथे दुर्बीण घालून फुप्फुस धुतलेले पाणी तपासणे जास्त भरवशाचे. म्युकरमध्ये ही साखर नसते. बीटा-डी-ग्लुकन ही दुसरी तपासणी अनेक बुरशींसाठी एकत्र चालते, पण म्युकर तिच्यातूनही सुटतो. म्हणून सीटी बुरशीकडे बोट दाखवत असेल आणि दोन्ही तपासण्या नकारात्मक आल्या, तर 'बुरशी नाही' म्हणून सुटका करून घेऊ नये. म्युकरचा संशय तिथे वाढतो. उलट बाजूनेही सावध राहावे लागते. जुन्या खोकल्याच्या रुग्णाच्या थुंकीत ॲस्परजिलस उगवला म्हणजे तो आजाराचे कारण आहे असे नाही. तो तिथे नुसता वस्तीला असू शकतो.

या अनिश्चिततेला शिस्त लावण्यासाठी युरोप आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये निदानाच्या तीन पायऱ्या ठरवल्या: शक्य, संभाव्य आणि सिद्ध. २००८ आणि २०२० मध्ये त्यांची सुधारणा झाली. सिद्ध म्हणजे ऊतीत बुरशी दिसलेली. संभाव्य म्हणजे कमजोर रुग्ण, जुळणारा सीटी आणि लॅबचा पुरावा, तिन्ही हजर. यांतला लॅबचा पुरावा नसेल तर आजार फक्त शक्य. या पायऱ्या औषधांच्या चाचण्यांसाठी केलेल्या आहेत, खाटेशेजारच्या निर्णयासाठी नाहीत. 'सिद्ध' होईपर्यंत औषध अडवून धरले, तर ते सिद्ध होण्याआधीच रुग्ण हातचा जाऊ शकतो. तरीही रिपोर्टमध्ये आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे लिहिण्याची सवय चांगली. तिच्यामुळे पुढे काय तपासायचे राहिले ते कागदावर उरते.

न्युमोसिस्टिस आणि क्रिप्टोकॉकस या दोन बुरशींसाठी मात्र अपवाद म्हणून त्यांच्या नावाचे एकेक प्रकरण ठेवले आहे. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या न्युमोसिस्टिसच्या न्युमोनियामुळे जगाला एड्सची पहिली चाहूल लागली. हा जीव बुरशी आहे हे मात्र १९८८ मधल्या जनुकीय अभ्यासाने कळले, तोवर तो आदिजीव समजला जाई. या न्युमोनियात एक्स-रे जवळपास स्वच्छ आणि रुग्ण धापा टाकतोय अशी विसंगती असू शकते. क्रिप्टोकॉकस फुप्फुसात एकटी गाठ करून कॅन्सरचा आव आणतो, पण रक्ताची पट्टीवरची साधी अँटिजेन चाचणी त्याला काही मिनिटांत उघडे पाडते. पुढे तो मेंदूच्या आवरणात जातो, म्हणून ही चाचणी वेळेत होणे मोलाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटसला तिच्या सर्वांत वरच्या गटात ठेवले. यादीने लक्ष वेधले गेले. तपासण्या मात्र अजून समान पोहोचलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावी आता सीटी निघतो, पण गॅलेक्टोमॅननचा नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि उत्तर यायला दिवस लागतात. आजार दिवसांच्या हिशेबाने पुढे सरकत असताना या वाटेत चित्राचे वजन आपोआप वाढते. त्यामुळेच ते नेमके वाचण्याची जबाबदारीही वाढते.

हे पुस्तक फॅमिली डॉक्टर, रेसिडेंट आणि आपल्या माणसाच्या आजारात वाचून समजून घेऊ पाहणारे नातेवाईक यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस यात नाहीत. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. घाईत असलेल्यांनी आपल्या रुग्णाला लागू पडणारे एकच प्रकरण आणि नमुना पाठवण्याविषयीचे प्रकरण वाचले तरी चालेल.

ज्यांच्याकडून आमच्याकडे सीटीचे फॉर्म येतात त्या डॉक्टरांकडे शेवटी एक मागणे आहे. 'खोकला, ताप, सीटी चेस्ट' एवढ्यावर आम्ही चित्राचे वर्णन करू शकतो. निदानाला हात घालू शकत नाही. त्याच फॉर्मवर पाच गोष्टी लिहा: साखर किती आहे, स्टेरॉइड किंवा केमो चालू आहे का, पांढऱ्या पेशी किती, टीबी कधी होऊन गेला आणि ताप कोणत्या तारखेपासून आहे. लिहायला मिनिटभर लागते, आणि आमच्या रिपोर्टात 'बुरशी किंवा टीबी किंवा इतर' याऐवजी एक नाव आणि पुढची एक नेमकी तपासणी लिहिता येण्याची शक्यता त्या मिनिटाने वाढते.